रात्री क्रीम लावूनही सकाळी चेहरा ओढतोय? आधी हे तपासा

अमळनेरला माझं मेडिकल आहे. काउंटरमागे उभं राहून चौदा वर्षं झाली. दिवाळी उलटली, भरिताच्या वांग्यांनी बाजार भरला, की एक तक्रार रोज कानावर पडते: "रातले क्रीम लावस ना ताई, तरी सकायले तोंड वढास." एप्रिल-मेमध्ये पुन्हा तीच तक्रार, फक्त तेव्हा घाम पुसत सांगतात. माणूस दुसरा, डबी दुसरी, बिघाड तोच. पुढची मागणीही ठरलेली: "याच्यापेक्षा भारी काहीतरी द्या."

भारी क्रीम विकायला मला काय जातंय? पण बहुतेकांना नवीन काही लागतच नाही, आधीचं काहीतरी बंद करावं लागतं. ते नेमकं काय, हे शोधायचा माझा एक क्रम ठरून गेला आहे. फुकटातलं आधी, पैशाचं नंतर, डॉक्टरकडे पाठवायचं ते शेवटी. तोच इथे लिहिते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

लक्षणं

तोंड धुतल्यावर पाच-दहा मिनिटांत कातडी ताणल्यासारखी होते, हसलं तरी गाल ओढतात. नाकाच्या कडेला, भुवयांत, हनुवटीवर बारीक पापुद्रे दिसतात आणि वरून पावडर लावली की जास्तच उठून दिसतात. ओठ उलतात, टाचा उलतात. नडगीवर नखाने ओरखडा काढला तर पाटीवर खडूने काढावी तशी पांढरी रेघ उमटते. कपाळ तेलकट आणि गाल मात्र रखरखीत, असंही होतं. अशा लोकांना वाटतं आपली त्वचा तेलकटच आहे, म्हणून ते आणखी धुतात. काहींची खाज रात्री अंथरुणात पडल्यावर वाढते.

या सगळ्यांत मी एका लक्षणाला जास्त किंमत देते. जे क्रीम वर्षभर गुपचूप लागायचं, तेच आता चरचरतं. क्रीम बदललेलं नसतं, कातडी उघडी पडलेली असते. साधं मॉइश्चरायझर लावल्यावर चरचरत असेल तर तुमचा बिघाड हाच, पुढे वाचा. नुसते मुरूम असतील किंवा नुसते काळे डाग, तर तो विषय वेगळा.

रात्रीच का?

त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पंधरा-वीस पदर, आणि सगळे मिळून वहीच्या कागदाइतकेही जाड नाहीत. पेशींच्या मधल्या फटी एका स्निग्ध लुकणाने भरलेल्या असतात. त्यात निम्म्याच्या आसपास सेरामाइड नावाचा मेद, बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं आठवा. खाली लाकडं-काटक्या, वर मातीचा थर, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वरून पांढरी खारी माती. धाबं गळत नाही ते त्या मातीमुळे. धाब्याने बाहेरचं पाणी आत येऊ द्यायचं नसतं, कातडीने आतलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नसतं, काम उलट पण रचना तीच.

हे आतलं पाणी दिवसभर थोडं थोडं उडतच असतं, रात्री मात्र जास्त उडतं. संध्याकाळनंतर त्वचेचं तापमान थोडं चढतं आणि थर जास्त झिरपतो. तेलाच्या ग्रंथी दुपारच्या सुमारास जोरात चालतात, रात्री मंदावतात. म्हणजे वाफ जास्त आणि झाकण कमी. त्याच वेळी खालच्या थरात नव्या पेशी तयार व्हायचं कामही रात्रीच जोर धरतं. तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत येऊन गळून पडायला तरुणपणी साधारण २८ दिवस लागतात, वय वाढलं की त्याहून जास्त.

गळून पडण्याची रीतही समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. वरच्या पेशी एकमेकींना टाके घातल्यासारख्या धरून असतात. ते टाके कापायचं काम त्वचेतलीच विकरं (एन्झाइम) करतात, आणि त्यांना काम करायला ओलावा लागतो. थर सुकला की टाके सुटत नाहीत. पेशी एकेकटी न गळता झुबक्याने लटकून राहते आणि आपल्याला पापुद्रा दिसतो. तो मळ नव्हे. तिथे पाणी कमी पडलं, एवढंच तो सांगतो.

पहिली तपासणी: बादलीत हात घाला

खर्च शून्य. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा एक आकडी होतो, बंबाचं पाणी अंगावर घेतलं की सोडवत नाही, हे मलाही कळतं. पण गरम पाण्याने भांड्याचा तेलकटपणा जसा झपाट्याने निघतो तसं ते लुकणही निघतं. नंतर वरून कितीही क्रीम थापलं तरी फटी उघड्याच.

पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ओता. काहीच वाटलं नाही किंवा जेमतेम कोमट वाटलं तर ठीक. "आहाहा" वाटलं तर चेहऱ्यासाठी ते जास्तच गरम आहे. अंग गरम पाण्याने धुवायचं असेल तर दहा मिनिटांत उरका आणि चेहरा वेगळ्या तांब्यातल्या कोमट पाण्याने धुवा. चार दिवस एवढंच करून बघा. निम्मे लोक इथेच परत जातात असं म्हणणार होते, पण मी मोजलेले नाहीत. बरेच जातात.

दुसरी तपासणी: साबण कुठला, आणि किती वेळा

चोपड्याकडचे एक दादा केळीच्या कटाईवर जातात. केळीचा चीक हाताला लागला की काळा पडतो आणि निघता निघत नाही. ते घरी आले की आधी कपड्यांच्या साबणाने हात घासायचे, त्याच हाताने तोंड, आणि मग आंघोळीच्या साबणाने पुन्हा एकदा सगळं. रात्री बायको जबरदस्तीने क्रीम लावायची. काउंटरवर त्यांनी हात पालथे ठेवले तेव्हा बोटांच्या सांध्यांवर बारीक चिरा होत्या, काही चिरांत चीक तसाच काळा बसलेला. त्यांना मी त्या दिवशी काहीही विकलं नाही. कटाईआधी हातांना खोबरेल तेल चोळायला सांगितलं, म्हणजे चीक थेट कातडीला चिकटत नाही आणि थोडक्या साबणाने निघतो. कपड्यांचा साबण अंगाला बंद. तोंडाला साबण रात्री एकदाच, तोही सौम्य. तीन आठवड्यांनी आले ते बीपीच्या गोळ्या घ्यायला. हात दाखवा म्हटलं, तर चिरा भरल्या होत्या.

कारण असं. निरोगी त्वचेचा सामू (pH) पाचाच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट असतो. साबणाच्या साध्या वडीचा नऊ-दहा. सेरामाइड तयार करणारी विकरं आंबट बाजूलाच नीट चालतात. दिवसातून तीनदा साबण लावला की तो आंबटपणा परत यायला उसंतच मिळत नाही, आणि दुरुस्तीचं काम रात्री सुरू व्हायच्या आधीच अडतं.

तेव्हा सकाळी नुसत्या पाण्याने तोंड धुवा. रात्री एकदाच, फेस कमी येणाऱ्या क्लीन्झरने. "साबणविरहित" किंवा सामू ५.५ असं लिहिलेलं असेल तर उत्तम, नसेल तर बाळांचा सौम्य वॉशही चालतो. धुतल्यावर बोट फिरवलं की कर्रकर्र वाजलं पाहिजे, हा समज सोडा. तो आवाज आला म्हणजे खारी माती वाहून गेली.

तिसरी तपासणी: घासणं

लिंबू-साखर, खाण्याचा सोडा, अक्रोडाचं स्क्रब, रोजची मुलतानी माती, काथ्याची घासणी, गालांवर फिरवलेला टॉवेल. सगळं बंद, किमान दोन आठवडे. लिंबाचा रस जहाल आंबट, सोडा उलट्या बाजूचा, आणि लोक एकाच आठवड्यात दोन्ही लावतात. धाबं गळतंय म्हणून कुणी वर चढून आहे ती माती खरवडून काढतं का? पापुद्रा दिसला की घासायचं, घासलं की ओलावा आणखी कमी, ओलावा कमी की आणखी पापुद्रे. हे चक्र फुकट सुरू होतं आणि फुकटच थांबतं.

डाळीचं पीठ-हळद सणासुदीला लावायला माझी ना नाही. फक्त सुकून तडकेपर्यंत ठेवू नका आणि चेहरा चरचरत असताना लावू नका.

चौथी तपासणी: कधी लावता, किती लावता

बहुतेक घरांत तोंड सहाला धुतलं जातं आणि क्रीम दहाला, मालिका संपल्यावर. मधले चार तास पाणी उडून गेलेलं असतं, मग सुक्या कातडीवर क्रीम. सुक्या पोळीला वरून तूप चोपडलं म्हणून ती मऊ होत नाही, तसंच हे. तोंड धुवा, टॉवेलने टिपा, घासू नका, आणि थोडं ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावा. झोपायच्या अर्धा तास आधी, नाहीतर निम्मं उशीच्या अभ्र्याला.

आता माप. जाहिरातीत पाच टिकल्या लावतात, ते विसरा. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकाच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, एक पट्टी काढा. मोठ्या माणसाच्या बोटावर ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळव्यांइतक्या जागेला पुरते. चेहरा आणि मान मिळून अशा अडीच पट्ट्या लागतात. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज रात्री वापरली तर ४० दिवसांत संपली पाहिजे. "ताई, मागच्या श्रावणात घेतली होती, अजून आहे" असं दत्तजयंतीला सांगणाऱ्या बाईला क्रीम काम करत नाही अशी तक्रार करायचा हक्क नाही. मी तोंडावर सांगते, त्या हसतात.

पाचवी तपासणी: पंखा

थंडीतही डास म्हणून पंखा चालू, तोही थेट तोंडावर. वारा लागला की धुणं लवकर वाळतं, गालही. मच्छरदाणी लावा आणि पंखा बंद करा, निदान दिशा बदला. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पंख्याशिवाय झोपा असं सांगणारीला लोक वेडी म्हणतील. पाण्याचा कूलर हवेत ओलावा सोडतो, तो त्वचेला फारसा वाईट नाही. एसी मात्र हवेतलं पाणी काढून घेतो; त्या खोलीत झोपणाऱ्याने चौथ्या तपासणीतलं माप काटेकोर पाळावं.

सहावी तपासणी: बोअरचं पाणी

नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे वापरायला बोअर. तोटीवर पांढरे थर, गीझर लवकर खराब, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही बोटचेपी होत नाही, साबणाला फेस नाही: ही जड पाण्याची लक्षणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. जड पाण्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून एक चिकट साका तयार करतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच. तो कातडीवरही बसतो आणि साबणाचा अंश धरून ठेवतो. म्हणजे तुम्ही तोंड धुतलं तरी साबण रात्रभर तिथेच.

उपाय साधा आहे. शेवटचा तांब्या प्यायच्या पाण्याचा घ्या, फक्त चेहऱ्यासाठी. तेही जमत नसेल तर पाणी उकळून, निवू देऊन, खाली बसलेलं पांढरं न हलवता वरचं घ्या. उकळल्याने जडपणाचा काही भाग निघतो. तुरटी फिरवून उपयोग नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार जात नाही.

सातवी तपासणी: डबीची मागची बाजू

इथपर्यंतचं सगळं आठ-दहा दिवस करूनही फरक नाही, तर मग खिशात हात घालायचा.

क्रीममध्ये तीन जातीची माणसं असतात. पाणी ओढून धरणारी: ग्लिसरीन, हायलुरोनिक ॲसिड, युरिया. फटी भरून मऊपणा देणारी: सेरामाइड, कोलेस्टेरॉल, काही तेलं. आणि वरून झाकण घालणारी, त्यांत सगळ्यात पक्की पेट्रोलियम जेली, जिला आपण सरसकट व्हॅसलीन म्हणतो. कोकणात, जिथे हवाच ओली, तिथे पहिल्या जातीचं हलकं जेल पुरतं. खान्देशच्या हिवाळ्यात आणि वैशाखात ते एकटं पुरत नाही. हवेत ओढायला पाणीच नसेल तर ओढणारा कातडीच्या आतून ओढतो आणि वरून उडू देतो. गुलाबपाणी-ग्लिसरीन लावून "आणखीच सुकलं" म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. ग्लिसरीन वाईट नाही, वर झाकण हवं.

माझा स्वस्तातला जोड असा: ओलसर चेहऱ्यावर बिनसुवासाचं साधं मॉइश्चरायझर, आणि जिथे पापुद्रे आहेत तिथेच वर तांदळाच्या दाण्याएवढी जेली, बोटाने पसरून. मुरमांचा चेहरा असेल तर जेली फक्त ओठ, डोळ्यांच्या कडेचा कोरडा भाग आणि हातापायांना. पायांना दहा टक्क्यांपर्यंत युरिया असलेलं क्रीम छान काम करतं, कारण युरिया हा त्वचेच्या स्वतःच्या ओलाव्याचाही एक भाग आहे. चिरा पडलेल्या जागी मात्र ते झोंबतं, आधी चिरा जेलीने भरू द्या.

सेरामाइडची महागडी क्रीमं थोतांड नाहीत. पण पहिल्या सहा तपासण्या टाळून ती घेणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत विकतचं पाणी भरणं. सुवास मात्र टाळाच. चंदन, गुलाब, केशर असं डबीवर मोठ्या अक्षरांत असेल तर मागे बारीक अक्षरांत परफ्यूम असतोच, आणि उघड्या कातडीला तो झोंबतो. तेलांचं म्हणाल तर अंगाला खोबरेल चांगलं, चेहऱ्यावर काहींना त्याने मुरूम येतात. ऑलिव्ह तेल परदेशी आहे म्हणून कौतुकाने बाळाला चोळतात, पण ते वरचा थर मजबूत करण्याऐवजी सैल करतं असं दिसून आलेलं आहे. त्यापेक्षा खोबरेल बरं.

नवीन काहीही थेट चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रोज रात्री एकाच जागी आठवडाभर लावा. लाली किंवा खाज नाही आली तर मग वर.

आठवी तपासणी: "ॲक्टिव्ह" वाली पिशवी

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. पुढच्या महिन्यात लग्न असलेली एक मुलगी आईबरोबर आली. पुण्यात नोकरी, मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं मागवलेलं. तिने चेन उघडून पिशवी काउंटरवर पालथी केली. सात बाटल्या. मी त्या औषधांच्या पट्ट्या लावतो तशा ओळीने उभ्या केल्या आणि मागचं वाचत गेले: सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर, व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, रेटिनॉल, दाणेदार स्क्रब आणि एक शीट मास्क. "रोज रात्री यातलं काय काय?" तर म्हणे मास्क सोडून सगळं. गालांवर तांबूस चमक होती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. आई म्हणाली, "चकाकतंय तर छान." मी म्हटलं मावशी, हा ग्लो नाही, सोलवटलंय.

ही द्रव्यं स्वतः वाईट नाहीत. ॲसिडं वरचे टाके सोडवतात, रेटिनॉल नव्या पेशींचा वेग वाढवतं. पण ज्या घराची माती आधीच उडालीय तिथे जुनी काढायचं आणि नवी घाईने घालायचं काम एकाच रात्री सहा गड्यांना दिलं तर रात्रभर छप्पर उघडंच. तिला सगळं बंद करायला लावलं. सौम्य वॉश, साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बस. चौथ्या-पाचव्या दिवशी चरचर गेली, पापुद्रे जायला तीन आठवडे लागले, हळदीला चेहरा शांत होता. एकदाच झालेली किरकोळ इजा तरुण त्वचा तीन-चार दिवसांत भरून काढते, उतारवयात आठवडा किंवा जास्त लागतो. पण रोज रात्री नव्याने इजा करत राहिलं तर ते तीन-चार दिवस कधी सुरूच होत नाहीत.

मी स्वतः हेच केलेलं आहे, फार्मसीची पदविका भिंतीवर टांगलेली असताना. नमुन्याला आलेलं ॲसिडचं सिरम आणि रेटिनॉल, एकाच रात्री, जानेवारीत. दुसऱ्या दिवशी मास्क लावून दुकान चालवलं.

किमान चार आठवडे विश्रांती. मग एकच द्रव्य, आठवड्यातून दोन रात्री, वर मॉइश्चरायझर. दुसरं महिन्याने. गरोदर असाल किंवा तयारीत असाल तर रेटिनॉल आणि त्याच्या घराण्यातलं काहीही नको.

नववी तपासणी: ती छोटी ट्यूब

इथे मी आवाज खाली करून विचारते: "गोरं व्हायचं काही लावता का? डाग जायचं? शेजारणीने दिलेलं?" उत्तर बहुतेक वेळा पर्समधून निघतं.

ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल तर ते स्टिरॉइड आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तिघांची मोट बांधलेली ट्यूब आपल्याकडे वर्षानुवर्षं नाइट क्रीम म्हणून लावली जाते. डॉक्टरने वांगाच्या डागांसाठी मोजक्या आठवड्यांसाठी दिली तर ते औषध. दोन वर्षं रोज लावली तर तोच आजार. खूण अशी: लावलं की दुसऱ्या दिवशी चेहरा नितळ, दोन दिवस सोडलं की आग, लाली, पुरळ. हळूहळू कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, गालावर लव वाढते, उन्हात उभं राहवत नाही. बायका सांगतात, "तोंड जयजय करस," म्हणजे जळजळतं. स्टिरॉइड ते लुकण तयार व्हायचंच काम मंदावतं, म्हणून वरून कुठलंही क्रीम लागू पडत नाही.

२०१८ साली सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, म्हणून शेड्यूल एचमध्ये घातली. तरी मिळतात, हे मी दुकानदार असून कबूल करते. लेबल नसलेल्या, बनवणाऱ्याचा पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या डब्या तर त्याहून धोक्याच्या; त्यांत पारा असू शकतो आणि पारा मूत्रपिंडाला इजा करतो.

स्टिरॉइडची ट्यूब महिनोन्महिने लावत असाल तर इथे थांबा. घरचे उपाय नकोत, आणि एका रात्रीत स्वतःच्या मनाने बंदही करू नका. सोडल्यावर चेहरा पेटतो, माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणतो. कशी कमी करायची, मध्ये काय द्यायचं, हे त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवायचं.

यापुढे मी हात लावत नाही

पाणी गळणं, पिवळट खपल्या, फोड, डोळे किंवा ओठ सुजणं: त्याच दिवशी डॉक्टर. गोल, कडेला लाल, मधून निवळत जाणारा चट्टा: ते गजकर्ण असू शकतं, त्याला मॉइश्चरायझर नको आणि स्टिरॉइड तर मुळीच नको, त्याने ते पसरतं. रात्रीची खाज एकट्याला नसून घरातल्या दोघा-तिघांना, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला असेल तर खरूज धरून चाला. उपचार सगळ्या घराने एकदमच घ्यायचा असतो. कोरडा, फिकट चट्टा जिथे घाम येत नाही आणि टाचणीचं टोक लावलं तरी नीट कळत नाही, तिथे क्रीम लावत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा. कुष्ठरोगाचं औषध तिथे मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरं वाटतं.

सगळं अंगच कोरडं पडलंय, सोबत थकवा, वजन वाढणं, केस गळणं आहे, तर थायरॉइड तपासा. सतत तहान, वारंवार लघवी असेल तर साखर. लहानपणापासून पायांवर माशाच्या खवल्यांसारखी कातडी असेल तर ती जन्माची ठेवण आहे, तिचे उपचार वेगळे. आणि वरच्या आठ तपासण्या चार आठवडे इमानाने करून काहीच हललं नसेल, तरी जा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार, तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून दाखवता येतं.

जाताना त्या दिवशी सकाळी तोंडाला काही लावू नका. घरात जेवढ्या ट्यूबा, डब्या, बाटल्या आहेत त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, संपलेल्याही. आणि ती पर्समधली छोटी ट्यूब सगळ्यात आधी काढून दाखवा.